नव्या क्लचची मोकळी चाल : घाटातील मालवाहतुकीसाठी एक पाठ

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता खानापूर तालुक्यातील कणकुंबी गावावरून जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव मलप्रभा नदीचे उगमस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. बेळगाव जिल्ह्यातील अतिपावसाच्या गावांत त्याची गणना होते. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट लागतो आणि रस्ता वळणे घेत केरी व साखळीच्या दिशेने गोव्यात उतरतो. कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा याच परिसरात एकमेकींना भिडतात. बेळगावची भाजी व दूध गोव्यात पोहोचविणारा हा जवळचा मार्ग असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. या घाटात अवजड वाहनांवर वेळोवेळी निर्बंध घातले गेले आहेत. तथापि, लहानमोठ्या मालवाहू गाड्यांना चढउतार चुकत नाही, आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटापासून आंबोलीपर्यंत या सीमाभागातील बहुतेक वाटा घाटांतूनच जातात.

अशा रस्त्यावर एक प्रकार वारंवार घडताना दिसतो. मालक हजारो रुपये खर्च करून ट्रकला नवी क्लच प्लेट बसवून घेतो. पहिले काही दिवस गिअर कुरकुरत पडतात. 'नवीन आहे, बसेल हळूहळू' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. दुसऱ्या एखाद्या गाडीत गिअर उत्तम पडतात, परंतु दोनतीन आठवड्यांतच भरल्या गाडीने चढावर दम सोडल्यासारखे होते, जळका वास येतो आणि प्लेट निकामी होते. मग चालक प्लेटला दोष देतो, मिस्त्री चालकाला दोष देतो आणि मालक दोघांनाही. वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगी दोष यांपैकी कोणाच्याच हेतूत नसतो. क्लच बसविला गेला, पण तो जुळविला गेला नाही. किंवा एकदा जुळविला, पण पुन्हा तपासला गेला नाही, एवढेच त्याचे कारण असते. या जुळवणीचे शास्त्र काय आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाऊ देणे आणि गिअर बदलताना ती क्षणभर तोडणे, हे क्लचचे काम होय. इंजिनाच्या मागील बाजूस फ्लायव्हील हे जड चक्र असते. त्याला लागून क्लच प्लेट असते व तिच्या दोन्ही अंगांना घर्षण करणारे लायनिंग जडविलेले असते. तिच्यामागे प्रेशर प्लेट असून बळकट स्प्रिंगांच्या दाबाने ती क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पेडल मोकळे असताना ही तिन्ही अंगे एकजीव होऊन फिरतात.

चालकाने पेडल दाबले म्हणजे फोर्क पुढे सरकतो आणि रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. हे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर, किंवा डायफ्रॅम स्प्रिंग असल्यास तिच्या पाकळ्यांवर, दाब देते. फिंगर ही तरफच आहे. तिचे आतले टोक पुढे गेले की बाहेरचे टोक प्रेशर प्लेटला मागे ओढते, क्लच प्लेट मोकळी होते आणि शक्तीचा मार्ग तुटतो.

येथे एक बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. पेडल मोकळे असताना रिलीज बेअरिंग व फिंगर यांच्यामध्ये थोडे अंतर राहिले पाहिजे. पेडल हाताने दाबले असता आरंभी ते जे हलके, विनासायास खाली जाते, ती या अंतराची वर आलेली खूण होय. यालाच पेडलची मोकळी चाल किंवा फ्री प्ले असे म्हणतात. अनेकांना हा ढिलेपणा वाटतो व तो काढून टाकावा असे वाटते. हा मोठा गैरसमज आहे. ही चाल म्हणजे यंत्राला जाणीवपूर्वक दिलेली सवड आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

ही सवड किती नाजूक आहे, हे साध्या अंकगणिताने समजू शकते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, बेअरिंग व फिंगर यांमधील अंतर ३ मि.मी. आहे. फोर्कची तरफ दुपटीची आणि पेडलची तरफ पाचपटीची आहे. म्हणजे बेअरिंगच्या १ मि.मी. हालचालीसाठी पेडल १० मि.मी. हलवावे लागते. यावरून पेडलची मोकळी चाल ३ गुणिले १०, म्हणजे ३० मि.मी. येते.

आता लायनिंग अर्धा मिलिमीटर झिजले असे समजा. प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलकडे सरकली. फिंगरची तरफ पाचपटीची असल्यास तिचे आतले टोक ०.५ गुणिले ५, म्हणजे २.५ मि.मी. मागे, बेअरिंगच्या दिशेने आले. तीन मिलिमीटरच्या अंतरापैकी केवळ अर्धा मिलिमीटर उरला आणि पेडलची चाल ३० वरून ५ मि.मी.वर आली. झीज नखाच्या जाडीएवढी, पण सवड जवळजवळ संपली. याहून थोडीशी झीज होताच बेअरिंग फिंगरांवर कायमचे टेकते, स्प्रिंगांचा काही दाब विनाकारण उचलला जातो आणि क्लच घसरू लागतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुनी प्लेट झिजत असताना चाल कमी होत गेली म्हणून मिस्त्रीने वेळोवेळी रॉड फिरवून बेअरिंग मागे घेतलेले असते. त्या जागी २ मि.मी. अधिक जाड अशी नवी प्लेट बसविली, की फिंगरांची टोके २ गुणिले ५, म्हणजे १० मि.मी. पुढे, बेअरिंगपासून दूर जातात. पेडलवर ही वाढ १०० मि.मी. भरते. आधीची ३० मि.मी. चाल धरल्यास पेडल १३० मि.मी. खाली जाईपर्यंत बेअरिंग फिंगरांना स्पर्शच करीत नाही. उरलेल्या दाबात क्लच पूर्ण सुटणे अशक्य असते. फ्लायव्हील खरवडून घेतले असल्यास या स्थितीत आणखी फरक पडतो. म्हणूनच नवी प्लेट बसविल्यावर रॉडची जुनी जुळवणी तशीच ठेवणे ही पहिली चूक ठरते.

दुसरी चूक त्यानंतरची. नव्या लायनिंगचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी आरंभी सर्वत्र सारखा टेकत नाही. त्यावरील उंच ठिपके पहिल्या काही शंभर किलोमीटरांत झटपट झिजतात. साहजिकच या काळात मोकळी चाल पुढील काळापेक्षा अधिक वेगाने कमी होते. पहिल्या दिवशी अचूक जुळविलेला क्लचही पंधरवड्यात पुन्हा पाहावा लागतो, तो यामुळेच.

चढ आणि उतार यांची परीक्षा

सपाट रस्त्यावर हे दोन्ही दोष काही काळ लपून राहतात. घाट मात्र ते लपू देत नाही. चोर्ल्याचा चढ एक दोष उघड करतो, तर उतार दुसरा.

मोकळी चाल संपलेली असेल तर गोव्याहून भरून येणारी गाडी चढावर घसरू लागते. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. घर्षणाची उष्णता लायनिंगमध्ये साठते, उष्ण झालेले लायनिंग अधिकच घसरते आणि काही मिनिटांत जळका वास कॅबिनमध्ये येतो. गाडी वळणावर थांबली तर मागे दरी, मागून येणारी वाहने, पाऊस आणि धुके अशा स्थितीत तिला पुन्हा उचलणे कठीण होते. अशा गाडीमुळे तिच्या चालकाबरोबर मागील एस.टी.मधील प्रवाशांचाही जीव टांगणीला लागतो.

मोकळी चाल फार जास्त असेल तर धोका उतारावर येतो. उतारावर भरलेली गाडी केवळ पायाच्या ब्रेकवर धरल्यास ब्रेकचे ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड कमी होत जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावयाचा असतो. परंतु क्लच पूर्ण सुटत नसेल तर वरचा गिअर निघतो आणि खालचा पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सापडते, इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. गिअर कुरकुरणे हा केवळ कानाला होणारा त्रास नव्हे. घाटात तो अपघाताचा इशारा असतो.

बसविताना घ्यावयाची काळजी

जुळवणी करण्यापूर्वी क्लच नीट बसविलेला असणे आवश्यक आहे. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग किंवा बारीक तडे आहेत काय, ते पाहावे. इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून तेल गळत असल्यास आधी ते थांबवावे. तेल लागलेली प्लेट कोणत्याही जुळवणीने पकडत नाही. पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग फिरवून पाहावे. प्लेटची कोणती बाजू गिअरबॉक्सकडे ठेवावयाची, याची खूण तिच्यावर असते. ती उलटी बसू देऊ नये.

प्लेट मध्यावर आणण्यासाठी योग्य मापाचा शाफ्ट वापरावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत. फिंगरांची उंची सर्वत्र सारखी आहे याची खात्री करावी. ती विषम असल्यास प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते व गाडी उठताना थरथरते. गिअरबॉक्स चढविताना त्याचा भार जॅकवर असावा. तो क्षणभरही प्लेटच्या मध्यभागी लटकू दिल्यास प्लेट वाकते आणि तो दोष पुढे कशानेही जात नाही. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा हलकासा हात पुरे. अधिक ग्रीस उडून लायनिंगवर जाते.

क्लचमधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे व त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

जुळवणीची पद्धत

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत. पेडलखाली रबरी चटईची घडी किंवा पोते आले असेल तर ते काढावे; पेडल पूर्ण खाली जात नसेल तर मापन व्यर्थ ठरते.

पेडलशेजारी मोजपट्टी उभी धरावी. पेडल पायाने न दाबता हाताने किंवा बोटांनी दाबावे, कारण पायाला हलका विरोध जाणवत नाही. जेथे विरोध जाणवू लागतो तेथपर्यंतचे अंतर ही मोकळी चाल. ती किती असावी, हे त्या त्या गाडीच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते व तेच प्रमाण मानावे. एका गाडीचे माप दुसरीला लावू नये.

रॉडची जुळवणी असलेल्या गाडीत लॉकनट सैल करून रॉडची लांबी थोडी थोडी बदलावी व प्रत्येक वेळी पेडलवर माप घ्यावे. माप जुळल्यावर लॉकनट घट्ट आवळावा आणि त्यानंतर पुन्हा एकदा मोजावे, कारण नट आवळताना रॉड किंचित फिरण्याचा संभव असतो. पेडल व फोर्कच्या सांध्यांना ग्रीस द्यावे आणि पेडल सोडताच ते आपोआप पूर्ण वर येते, हे पाहावे.

द्रवदाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये प्रथम टाकीतील द्रवाची पातळी व गळती तपासावी. पेडल स्पंजासारखे लागत असल्यास नळ्यांत हवा शिरली आहे असे समजून ती काढावी. रॉड फिरवून हा दोष झाकू नये. कित्येक नव्या बनावटीच्या गाड्यांत रिलीज बेअरिंग फिंगरांना सतत हलके टेकलेलेच असते व झीज आपोआप भरून निघते. त्यांत बेअरिंगपाशी सवड शोधणे चुकीचे आहे. काही गाड्यांत हवेच्या साहाय्याने चालणाऱ्या सर्व्होवर झीज दर्शविणारी खूण असते, तीच पाहावी.

उत्तर अमेरिकेतील अतिअवजड ट्रकांत बेअरिंग ढकलण्याऐवजी ओढले जाते. तेथे बाहेरील रॉडवर चाल दुरुस्त करण्याऐवजी मूळ जुळवणी क्लचच्या आतील रिंग फिरवून केली जाते. रचना निराळी असली तरी तत्त्व एकच आहे : सुटण्यासाठी पुरेशी हालचाल आणि पकडण्यासाठी पुरेशी सवड, दोन्ही एकाच वेळी मिळाली पाहिजेत.

दोन चाचण्या

जुळवणीनंतर दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली सुटण्याची. इंजिन मंद गतीवर ठेवून पेडल पूर्ण दाबावे, सुमारे १० सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. तो न कुरकुरता पडला तर क्लच पूर्ण सुटतो असे समजावे.

दुसरी पकडीची. मोकळ्या, सपाट जागी, पुढेमागे कोणीही नसताना, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक व पायाचा ब्रेक दोन्ही दाबून वरचा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावे. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच घसरत आहे. या चाचणीत मोठी उष्णता निर्माण होते, म्हणून ती एकदाच व क्षणभरच घ्यावी.

पहिले काही आठवडे

नव्या प्लेटला बसण्यास अवधी द्यावा. पहिल्या काही शंभर किलोमीटरांत शक्यतो पूर्ण भार घेऊन तीव्र चढावर गाडी उठविण्याचे टाळावे. ती नेहमी पहिल्या गिअरमध्येच उठवावी. चढावर थांबावे लागल्यास हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय सोडावी. ते काम ब्रेकचे आहे. चालताना पेडलवर पाय टेकवून ठेवू नये. पायाच्या नुसत्या वजनानेही मोकळी चाल नाहीशी होते आणि बेअरिंग सतत फिरत राहते.

मोकळी चाल दुसऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्यानंतर, पंधरवड्यानंतर व पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी मोजावी. घाटात नित्य जाणाऱ्या गाडीची ती अधिक वेळा मोजणे इष्ट होय. प्रत्येक वेळचे माप तारखेसह वहीत लिहून ठेवावे. ३०, २६, २३ असे आकडे उतरताना दिसले म्हणजे झीज कोणत्या गतीने होत आहे, हे कळते. ते एकाएकी घसरले तर चालविण्याच्या सवयीत किंवा यंत्रात दोष आहे, हेही कळते. मालक, चालक व मिस्त्री यांच्यातील वादही अशा वहीमुळे पुष्कळसे मिटतात, कारण मोजलेल्या आकड्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पावसाळ्यात कणकुंबीसारख्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाडी आठवडेच्या आठवडे दमट हवेत उभी राहिल्यास फ्लायव्हीलवर गंज चढून प्लेट त्याला चिकटते व पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. अशी गाडी चालू करताना ती गिअरमध्ये नाही याची खात्री करून घ्यावी. चिखलपाण्याने फोर्कचे व रॉडचे सांधे जाम होतात. ते धुऊन पुन्हा ग्रीस द्यावे.

घाट उतरण्यापूर्वी कणकुंबीच्या सपाट भागात पाच मिनिटे थांबणे केव्हाही हिताचे आहे. पेडलची चाल हाताने पाहावी, ब्रेकची हवा पाहावी, गिअर खालीवर सहज पडतात याची खात्री करावी आणि उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर धरावा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागेल, त्याच किंवा त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरावे. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी, कारण तेथे थांबून पुन्हा उठणे त्याच्या क्लचला अधिक जड जाते.

शाळा, गाव आणि कार्यालय

हा विषय केवळ मिस्त्रींचा आहे असे मानण्याचे कारण नाही. शिक्षकांना तरफ व घर्षण हे पाठ शिकविताना यासारखे जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. एक लांब पट्टी टेकूवर ठेवून टेकूपासून एका बाजूस १० सें.मी. व दुसऱ्या बाजूस ५० सें.मी. अंतर घेतले, की अर्ध्या मिलिमीटरचे अडीच मिलिमीटर कसे होतात, ते विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी पुढे वाहनांच्याच व्यवसायात जातात. त्यांना हा हिशेब शाळेतच उमगला तर त्याचा उपयोग आयुष्यभर होईल.

शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरलाही हेच तत्त्व लागू आहे. उसाने भरलेली ट्रॉली बांधावरून वर काढताना घसरणारा क्लच आणि घाटातील ट्रकचा क्लच यांत तत्त्वतः फरक नाही. शासकीय वाहनांची देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्यांनी लॉगबुकमध्ये तेल व डिझेलच्या नोंदींशेजारी क्लचच्या मोकळ्या चालीचीही नोंद ठेवण्याची पद्धत पाडल्यास अकाली होणारा खर्च टळू शकेल.

नवा भाग बसला म्हणजे काम संपले, ही समजूत सोडून दिली पाहिजे. बसविण्याचा दिवस हा देखभालीचा पहिला दिवस होय. मोजपट्टी, एक पाना आणि पाच मिनिटांचा वेळ, एवढ्यावर ही देखभाल होते. चोर्ल्याच्या वळणावर, पावसाच्या अंधारात, भरलेली गाडी आपल्या जागी धरून राहील की नाही, हे त्याच काही मिलिमीटरांवर अवलंबून असते.